समई, साचे आणि फवाऱ्याचा डबा

श्रावण लागला की जोह्यातल्या कारखान्यांत रात्र होतच नाही. पेण तालुक्यातलं हे गाव आणि त्याच्या आजूबाजूचं हमरापूर, कळवे, तांबडशेत, सगळीकडे गणपतीच गणपती. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये ओळीने मूर्ती मांडलेल्या. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या मातीचा, रंगाचा आणि थिनरचा वास. आखणी करणारा कारागीर श्वास रोखून मूर्तीच्या डोळ्यात बुबुळ रेखत असतो आणि नेमका त्याच वेळी त्याच्या कानाशी डास गुणगुणतो. हात हलला की डोळा बिघडला. मग तो कुंचला खाली ठेवतो, कोपऱ्यातला फवाऱ्याचा डबा उचलतो आणि हवेत गोल फिरवतो. दोन मिनिटं सगळे खोकतात आणि पुन्हा कामाला लागतात. तासाभरात डास परत येतात.

अशा एका शेडमध्ये मी तो डबा नीट पाहिला. तो थिनरच्या अर्धवट उघड्या डब्याला टेकून ठेवला होता. चार हातांवर, रंग लवकर सुकावा म्हणून लावलेला हॅलोजन तापलेला होता. डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं, पण रंगाच्या बोटांनी ते निम्मं झाकून गेलं होतं. शेडमधल्या कोणीही ते कधी वाचलं नव्हतं. यात त्यांचा दोष मी मानत नाही. आपल्यापैकी किती जणांनी घरातला डबा वाचला आहे?

त्या डब्यात असतं तरी काय? कीटक मारणारं औषध त्यात फार थोडं असतं, बहुतेक फवाऱ्यांत एक टक्क्याहूनही कमी. बाकी सगळा भाग ते औषध विरघळवणाऱ्या द्रावकाचा आणि दाबाने बाहेर फेकणाऱ्या वायूचा. द्रावक म्हणून पुष्कळ डब्यांत वास काढून टाकलेलं रॉकेल असतं. ढकलणारा वायू बहुधा एलपीजी, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो तोच. हवेत या वायूचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो. बंद शेड, थिनर, हॅलोजन आणि वर हा फवारा: आगीला आणखी कशाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच डबा 50 अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, उन्हात ठेवू नका, रिकामा झाला तरी भोसकू किंवा जाळू नका, असं डब्यावर लिहिलेलं असतं. रिकाम्या वाटणाऱ्या डब्यातही वायू उरलेला असतो. पालापाचोळ्याबरोबर तो शेकोटीत टाकला तर फुटतो.

औषध कोणतं असतं, हेही पाहू. शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल आहे. युरोपात डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर ते मुळात वाढायचं. ते वाळवून केलेल्या भुकटीने किडे मरतात, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. जपानमध्ये 1890 च्या सुमारास याच भुकटीपासून डासांची उदबत्ती निघाली आणि पुढे तिची गोल कॉइल झाली. फुलातलं ते द्रव्य म्हणजे पायरेथ्रम. त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं पहिलं द्रव्य अ‍ॅलेथ्रिन, ते 1949 साली आलं. आज घरगुती फवाऱ्यांत, लिक्विडच्या मशीनमध्ये आणि कॉइलमध्ये जी नावं दिसतात, ट्रान्सफ्लुथ्रिन, इमिप्रोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, ती सगळी याच घराण्यातली. या घराण्याला पायरेथ्रॉइड म्हणतात. कीटकाच्या मज्जातंतूंत सोडियमची ये-जा होऊ देणारी सूक्ष्म दारं असतात. हे द्रव्य ती दारं उघडीच ठेवतं, तंतू सतत पेटल्यासारखे होतात आणि किडा थरथरत उलटा पडतो. माणसाचं यकृत हे द्रव्य चटकन मोडून टाकतं, शिवाय आपल्या शरीराच्या मानाने ते फार थोडं असतं, म्हणून आपण वाचतो. मांजराच्या यकृतात ते मोडण्याची सोय अपुरी असते. मासे आणि कोळंबी यांच्यासाठी तर हे घराणं जालीम विष आहे; लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम पडलं तरी मासा तग धरत नाही. जोह्याच्या बाबतीत या गोष्टीला फार महत्त्व आहे, त्याकडे पुढे येतोच.

दुकानात लोक हे डबे रंगावरून मागतात. ‘काळा हिट द्या’, ‘लाल हिट द्या.’ काळा उडणाऱ्या डास-माश्यांसाठी, लाल सरपटणाऱ्या झुरळांसाठी, एवढं बहुतेकांना पाठ असतं आणि ते बरोबरही आहे. पण डब्यावर आणखी एक रंग असतो आणि कायद्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा रंग तोच. कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापावा लागतो. त्याचे दोन त्रिकोण होतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द, खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अति विषारी, त्यावर कवटी आणि हाडं असतात. पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा सर्वांत सौम्य. हे रंग मोघम ठरवलेले नाहीत. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे प्राणी मरायला, त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिग्रॅम द्रव्य पोटात जावं लागतं त्यावरून ते ठरतात. 50 मिलिग्रॅमपर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. तेव्हा डब्याचा लाल रंग आणि त्रिकोणाचा लाल रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक कंपनीने ओळखीसाठी निवडलेला असतो, दुसरा कायद्याने सांगितलेला. घरात आणायचं असेल तर निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहूनच आणावं. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची औषधं शेतीच्या दुकानातली. ती घराच्या चार भिंतींत कधीही फवारू नयेत, कितीही पातळ केली तरी.

हे मी जोर देऊन लिहितो, कारण आपल्याकडे ते सर्रास चालत आलं आहे. ढेकूण झाले की कोणी तरी ‘नुवान मार’ म्हणून सल्ला द्यायचं. ते डायक्लोरव्हॉस. भाताच्या खाचरात टाकायचं थिमेट, म्हणजे फोरेट, पडवीत किंवा मोरीच्या कडेला पसरलेलं मी स्वतः पाहिलं आहे. केंद्र सरकारने 2018 च्या आदेशाने ही दोन्ही औषधं 31 डिसेंबर 2020 पासून बंद केली. तरी जुन्या बाटल्या माळ्यावर पडून असतात. ही वेगळ्या घराण्यातली, सेंद्रिय फॉस्फरसची द्रव्यं. माणसाच्या मज्जासंस्थेवर ती थेट घाव घालतात: बाहुली टाचणीएवढी होते, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. नुसत्या श्वासातून आणि कातडीतून कीटकनाशक किती आत जातं, ते महाराष्ट्राने 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिलं. कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ते उघड्या शेतात फवारत होते. आपण तर दारं-खिडक्या लावून, मुलं झोपतात त्या खोलीत फवारतो.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचंही असंच. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. या वायूवर उतारा नाही. या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज कोणालाही विकायला मनाई आहे. पोह्या-तांदळाच्या कोठीत कोणी हौसेने टाकत असेल तर त्याला थांबवा. तांदूळ उन्हात घालून, बोरिक पावडर किंवा एरंडेल चोळून आपल्या आज्या वर्षानुवर्षं टिकवत आल्या आहेत.

विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे नोंदणी क्रमांक. भारतात 1968 चा कीटकनाशक कायदा आहे आणि 1971 पासून त्याचे नियम लागू आहेत. फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंद झाल्याशिवाय एकही कीटकनाशक विकता येत नाही. नोंदणी क्रमांक, औषधाचं रासायनिक नाव आणि त्याचं शेकडा प्रमाण, बनवल्याची व मुदत संपण्याची तारीख, विषबाधा झाल्यास काय करायचं याची सूचना, एवढं वेष्टनावर असायलाच हवं. हायवेवरच्या टपरीत दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांवर यातलं बहुधा काहीच नसतं. ‘हर्बल’ हा शब्द मात्र मोठा छापलेला असतो. अशा अगरबत्त्यांत डायमेफ्लुथ्रिन, मेपरफ्लुथ्रिन अशी भारतात नोंदणीच न झालेली द्रव्यं तपासण्यांत सापडली आहेत. डास पटापट पडतात म्हणून लोक खूश होतात, पण आपण काय श्वासात घेतोय ते कोणालाच ठाऊक नसतं. नोंदणीच्या कॉइलचाही धूर निरुपद्रवी नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे 75 ते 137 सिगारेटींतून निघतात, असं मोजलं गेलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननेही बंद खोलीत जळणाऱ्या कॉइलबद्दल असाच इशारा दिलेला आहे. दम्याच्या माणसाच्या उशाशी कॉइल लावणं हा अत्याचार आहे, असं मी म्हणतो. कडुनिंबाचा पाला जाळून केलेली धुरी पवित्र वाटते, पण फुप्फुसाला धूर तो धूरच.

आता थोडं मागे जायला हवं, कारण कीटकनाशकाचा आणि रायगडच्या या भागाचा संबंध आजचा नाही. जोह्याजवळून खाडीला मिळणारी पाताळगंगा वर रसायनीवरून येते. रसायनीला हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या केंद्र सरकारच्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. ही कंपनी 1954 साली स्थापन झाली ती एकाच कामासाठी: देशाच्या मलेरिया मोहिमेला डीडीटी पुरवण्यासाठी. पुढे रसायनीत मॅलॅथिऑन आणि डीडीटी बनू लागलं. पॉल म्युलरने 1939 साली डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधले आणि 1948 साली त्याला नोबेल मिळालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. 1953 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि 1965 पर्यंत रुग्णांचा आकडा एक लाखावर आला. मग डास डीडीटीला सरावले, यंत्रणा सैलावली आणि 1976 साली तो आकडा 64 लाखांवर गेला.

पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या म्हाताऱ्या माणसांना पंप पाठीवर घेऊन येणारे फवारणीवाले अजून आठवतात. घरातली भांडीकुंडी अंगणात काढायची, आतल्या भिंतींवर पांढरा फवारा मारून घ्यायचा आणि दारावर तारखेचा शिक्का पाडून ते पुढच्या घरी जायचे. त्यांनी हवेत कधी फवारलं नाही. मलेरियाचा डास रक्त प्यायल्यावर जड होतो आणि जवळच्या भिंतीवर विसावतो, म्हणून भिंतीवर दर चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी. डास बसला की मेला. पण सणाला बाया भिंती सारवत, चुना काढत आणि औषध झाकून जाई, ही त्या काळातली मोठी तक्रार. डीडीटी निसर्गात वर्षानुवर्षं टिकतं, प्राण्यांच्या चरबीत साठतं, म्हणून शेतीतला त्याचा वापर भारतात 1989 पासून बंद झाला. त्या फवारणीवाल्यांची एक गोष्ट मात्र आपण घ्यायला हवी. ते किडा बसतो कुठे, हे आधी विचारत. आपण डबा उचलतो आणि हवा झोडपतो.

म्हणून जोह्यातल्या डासाला विचारूया, तू येतोस कुठून? खाजणातून, भाताच्या खाचरांतून काही येतात, हे खरं. पण दिवसाढवळ्या, आखणी करताना पायाला चावणारा, पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा डास एडिस असतो. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा. तो फार लांबून उडून येत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरांच्या आतच त्याचं घर असतं. तो स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि मूर्तीच्या कारखान्याएवढी त्याची सोय दुसरीकडे क्वचितच असेल. शाडू भिजवायचे टब. निळी प्लास्टिकची पिंपं. कुंचले धुवायच्या बादल्या. शेडबाहेर उताणे पडलेले साचे, ज्यांच्या पोटात पाऊस तळं करतो. ताडपत्रीच्या घड्या. पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर टाकलेले जुने टायर. अजून कुठे कुठे रंग कालवायला करवंटी वापरतात, ती काम झाल्यावर मागच्या दारी फेकली जाते. एका करवंटीतल्या ओंजळभर पाण्यात मी अळ्या पाहिल्या आहेत, उलट्या लटकलेल्या, स्पर्श होताच वळवळत तळाशी जाणाऱ्या. पावसाळी उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं. आठवडा म्हणजे त्या आठ-दहा दिवसांच्या आत एकदा. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात. काथ्याने घासून काढायला हवीत. काथ्याला तर जोह्यात तोटा नाही.

एका शेडच्या मालकाने फक्त साचे पालथे घालायला आणि पिंपांना जुन्या साडीची फडकी बांधायला सुरुवात केली तर फवाऱ्याचे निम्मे डबे वाचतील, असं मला खात्रीने वाटतं. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, ते आरोग्य केंद्रात मिळतात. झोपायला मच्छरदाणी, आणि आखणीला बसताना अंगाला लावायचं मलम. वर मोठा पंखा: डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. रंगाची वाफही त्याने बाहेर जाते. हे सगळं करून उरला डास तरच डबा.

झुरळांचं गणित वेगळं. झुरळ ओट्याखाली, फ्रिजच्या मोटरपाशी, मोरीच्या जाळीत दिवस काढतं. म्हणून त्याच्या फवाऱ्याला बारीक नळी असते, ती फटीत घालून मारायची. घरातल्या लहान तपकिरी झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पोटाला लावून फिरते. औषध त्या कुपीच्या कवचातून आत जात नाही. त्यामुळे आज सगळी झुरळं मेली तरी महिन्याभरात नवी फौज येते आणि आपण म्हणतो, औषधात दम राहिला नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं असतं, एवढंच. माझा अनुभव विचाराल तर स्वयंपाकघरात फवाऱ्यापेक्षा जेल बरं. बिजागरीमागे, कपाटाच्या कोपऱ्यात मुगाएवढे ठिपके लावायचे. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावलं त्या जागी फवारा मात्र मारायचा नाही. फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि दोन्हींचे पैसे वाया. मुंग्यांसाठीचा विषारी खडू दिसायला शाळेतल्या खडूसारखाच असतो. लहान मूल असलेल्या घरात तो आणूच नये. ढेकणांनी पायरेथ्रॉइड पचवायला सुरुवात केल्याला जमाना झाला. तिथे फवाऱ्याने गादी भिजवण्यापेक्षा खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतावं, पांघरुणं उकळावीत, गादीच्या शिवणी वाफेने शेकाव्यात. पन्नास अंशांच्या उष्णतेत ढेकूण टिकत नाही.

आणि आता समई. जोह्यातली मूर्ती भाद्रपदात घरोघरी पोचते. पाऊस चालूच असतो, डास ऐन भरात असतात, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. मखरात कागदाची फुलं, कापडी पडदे, विजेच्या माळा. पुढे समई तेवत असते, ती दिवसरात्र शांत होऊ द्यायची नाही असा घरोघरचा नेम. पाटावर दूर्वा, केळी, उघड्यावर मोदक. रात्री डास फार झाले म्हणून कोणी तरी डबा आणतं आणि मखराच्या मागे फवारतं. त्या क्षणी हवेत एलपीजी आणि रॉकेलचे तुषार असतात आणि दीड हातावर उघडी ज्योत. नैवेद्यावर औषध बसतं ते वेगळंच, आणि तोच प्रसाद सकाळी मुलांच्या हातावर पडतो. गणपतीच्या खोलीत समई तेवत असेपर्यंत फवाऱ्याचा डबा आणू नका. मशीनमधलं लिक्विड लावा, पंखा लावा, खिडकीला जाळी बसवा. मूर्ती घरी येण्याच्या आदल्या दिवशी, खोली रिकामी असताना, हवं तर फवारून घ्या.

फवारायचंच असेल तेव्हाची पद्धत साधी आहे, पण ती पूर्ण पाळावी लागते. मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, मांजर-कुत्रा, सगळ्यांना बाहेर पाठवा. माशांची टाकी असेल तर ती दुसऱ्या खोलीत न्या, नाही तर झाकून तिचा हवेचा पंप बंद करा. पाण्याचा माठ, दूध, ताटं-वाट्या झाका. गॅस, दिवा, उदबत्ती, सिगारेट बंद. नाकातोंडावर रुमाल बांधा, हात झाकणारे कपडे घाला. दारं-खिडक्या लावून खाटेखाली, पडद्यांमागे, कपाटाच्या आडोशाला, डब्यावर सांगितलेत तेवढेच सेकंद फवारा आणि लगेच बाहेर या. औषध जास्त मारलं की डास जास्त मरत नाहीत, आपण जास्त श्वास घेतो एवढंच. पंधरा-वीस मिनिटांनी, किंवा डब्यावर दिला असेल तेवढा वेळ जाऊ देऊन, खिडक्या सताड उघडा, पंखा लावा, हवा पूर्ण बदलू द्या. मेलेले किडे झाडून काढा, लादी आणि मुलांचे हात लागतात ते पृष्ठभाग पुसा. शेवटी साबणाने स्वतःचे हात आणि तोंड धुवा. अंथरुणावर, उशीवर, कपड्यांवर, अंगावर फवारायचं नाही. डोक्यातल्या उवांवर तर कधीच नाही. तसं करणारी माणसं आहेत, म्हणून लिहावं लागतं.

लादी पुसलेलं पाणी कुठे ओतता, हा जोह्यातला खास प्रश्न. मागची गटारं खाडीला जातात. खारेपाटात कितीतरी घरांच्या दारी तळं आहे आणि त्या तळ्यात जिताडा मासा वाढतोय. पायरेथ्रॉइडचा एवढासा अंश जिताड्याच्या पिल्लांना आणि कोळंबीला संपवायला पुरतो. हे पाणी तळ्यात, विहिरीपाशी किंवा गटारात ओतू नका. घरापासून दूर, मोकळ्या मातीत जिरवा. मातीत हे द्रव्य घट्ट धरलं जातं आणि हळूहळू विघटित होतं. फवारणीचा पंप, बादली तळ्यावर धुणं म्हणजे वर्षभराच्या मेहनतीवर पाणी सोडणं.

उरलं ते साठवण्याचं. औषध त्याच्या मूळ डब्यातच राहू द्या. थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं कीटकनाशक मुलाने सरबत समजून तोंडाला लावलं, अशा घटना खेड्यापाड्यांत आणि शहरांत आजही घडतात. कारखान्यात रंगाच्या आणि थिनरच्या रांगेत फवाऱ्याचा डबा नको, त्याला उंचावर कुलपाचं कपाट द्या.

आणि तरीही घोटाळा झालाच तर. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळे धरा. अंगावर सांडलं तर कपडे उतरवून साबणाने धुवा. श्वासातून गेलं असेल तर माणसाला मोकळ्या हवेत आणा. पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला लावू नका. फवाऱ्यातलं रॉकेल परत वर येताना फुप्फुसात शिरतं आणि नुसत्या विषापेक्षा जास्त नुकसान करतं. दूधही पाजू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते रात्रंदिवस फोनवर सल्ला देतं, आणि त्याचा विनामूल्य क्रमांक 1800 116 117 आहे. तो कारखान्याच्या भिंतीवर रंगानेच मोठा लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना घाईत एक गोष्ट हमखास विसरते, ती विसरू नका: तो डबा सोबत घ्या. आत कोणतं औषध आहे आणि त्यावर काय उपचार करायचे, हे डॉक्टरांना त्याच्यावरच्या त्या बारीक अक्षरांतूनच कळतं.